क्लायंट दुसऱ्या राज्यात गेला तर? अमेरिकेत समाजकार्याचं लायसन्स एकाहून जास्त राज्यांत वापरायचं असेल तेव्हा

मे महिन्यातली गोष्ट. व्हिडिओवर नेहमीची मुलगी आली, पण मागची भिंत नेहमीची नव्हती. हॉस्टेलच्या खोलीतली पिवळ्या दिव्यांची माळ गायब, तिच्या जागी देवघराचा कोपरा आणि समईचं टोक दिसत होतं. मी विचारलं, "आज कुठून बोलतेयस?" ती म्हणाली, "आईकडे आलेय ना, कॅलिफोर्नियात. सुट्टी लागली." समाजकार्यकर्ती म्हणून मानसोपचार करण्याचं माझं लायसन्स तेव्हा फक्त व्हर्जिनियाचं. त्या दिवशी आमचं सेशन झालं नाही. ती सुरक्षित आहे ना, घरात कोण आहे, आठवडाभर कसं निभवायचं, एवढं दहा मिनिटं बोललो आणि पुढची सोय लावायला मी दोन दिवस मागून घेतले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

महाराष्ट्रातून एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून अमेरिकेत आलेल्या अनेक जणी मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढते आहे. आपल्याकडे समाजकार्याच्या पदवीनंतर थेट कामाला लागता येतं. देशभर लागू असलेला लायसन्सचा कायदा नाही. त्यामुळे 'राज्य बदललं की लायसन्स संपलं' ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली नसते.

सगळ्यात आधी एक नियम पक्का करा. सेशनच्या वेळी क्लायंट ज्या राज्यात बसलेला असेल, त्या राज्याचं लायसन्स लागतं. तुमचं ऑफिस कुठे आहे, क्लायंटचा कायमचा पत्ता कुठला, त्याचा विमा कुठल्या राज्यातला, यानं फरक पडत नाही. बऱ्याच राज्यांत तुम्ही स्वतः जिथे बसून काम करता तिथलंही लायसन्स लागतं. म्हणजे मेरीलँडमध्ये राहून व्हर्जिनियातले क्लायंट बघायचे असतील तर दोन्हीकडे चौकशी करा.

आपलं लायसन्स नेमकं कुठल्या पातळीचं

दुसऱ्या राज्याच्या बोर्डाला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या मंडळाला, पत्र लिहिण्याआधी हे पाहा, कारण अक्षरं फसवतात. न्यूयॉर्कमध्ये एलएमएसडब्ल्यू (लायसन्स्ड मास्टर सोशल वर्कर) म्हणजे पदव्युत्तर पातळी. त्यावर क्लिनिकल काम, म्हणजे निदान आणि मानसोपचार, सुपरव्हिजनखालीच (वरच्या पातळीच्या लायसन्सधारकाच्या देखरेखीखाली) करता येतं. मिशिगनमध्ये तीच अक्षरं सर्वांत वरच्या पातळीची आहेत. मॅसॅच्युसेट्सचा घोळ याहून मोठा. तिथे एलसीएसडब्ल्यू (लायसन्स्ड सर्टिफाइड सोशल वर्कर) ही सुपरव्हिजनखालची पातळी आणि स्वतंत्र क्लिनिकल काम करणाऱ्याला एलआयसीएसडब्ल्यू म्हणतात. व्हर्जिनिया, न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात मात्र एलसीएसडब्ल्यू हीच स्वतंत्र क्लिनिकल पातळी. मेरीलँडमध्ये तिच्या शेवटी आणखी एक 'सी' लागतो.

म्हणून अर्जात किंवा फोनवर नुसती अक्षरं सांगू नका. 'मला सुपरव्हिजनशिवाय निदान आणि मानसोपचार करता येतो' किंवा 'येत नाही' असं सरळ वाक्यात सांगा. राज्याबाहेरच्यांना मिळणारी सवलत अनेक ठिकाणी फक्त स्वतंत्र पातळीच्या लोकांना असते. तुम्ही अजून सुपरव्हिजनखालचे ठरावीक तास भरत असाल, तर राज्याबाहेरचे क्लायंट घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या सुपरव्हायजरचं लायसन्स तिथे चालत नसेल, तर तुमचं चालण्याचा प्रश्नच येत नाही.

भारतातली पदवी असेल तर

इथे वेळ सर्वांत जास्त जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

अमेरिकेतली राज्यं सीएसडब्ल्यूई, म्हणजे समाजकार्य शिक्षण परिषदेनं मान्यता दिलेली पदवी मागतात. टाटा इन्स्टिट्यूट, निर्मला निकेतन, कर्वे समाज सेवा संस्था यांची नावं आपल्यासाठी मोठी. टाटा इन्स्टिट्यूट तर १९३६ पासून समाजकार्य शिकवते आहे. पण परिषदेच्या मान्यतेच्या यादीत भारतातल्या संस्था नसतात. त्यासाठी याच परिषदेची परदेशी पदव्या तपासणारी सेवा आहे. तिच्याकडून समकक्षतेचं पत्र घ्यावं लागतं. इतर विषयांच्या पदव्या तपासणाऱ्या खासगी संस्थांचा अहवाल बहुतेक बोर्डांना समाजकार्यासाठी पुरत नाही. पैसे भरण्याआधी बोर्डाला ईमेल करून उत्तर लेखी मिळवा.

सगळं अडतं ते फील्डवर्कवर. अमेरिकेत पदव्युत्तर अभ्यासक्रमात किमान ९०० तास फील्डवर्क लागतं. आपल्याकडेही आठवड्यातले दोन दिवस वस्तीत, हॉस्पिटलात किंवा बालगृहात जातात, शिवाय शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एका संस्थेत सलग पूर्णवेळ काम, असते. तास भरपूर होतात, पण मार्कशीटवर ते तासांत लिहिलेले नसतात. तिथे फक्त 'फील्डवर्क' आणि गुण. म्हणून कॉलेजकडून लेटरहेडवर पत्र आणा. त्यात संस्थेचं नाव, तारखा, एकूण तास, कामाचं स्वरूप आणि मार्गदर्शकाची पदवी, हे पाचही मुद्दे हवेत. माझ्या वेळी कॉलेजातल्या बाईंनी जुनी रजिस्टरं काढून तास मोजले. त्या निवृत्त झाल्यावर विचारलं असतं तर कोणी मोजले असते, असं आजही मनात येतं. भारतात सुट्टीला जाल तेव्हा हे काम आधी उरका. फील्डवर्कच्या डायऱ्या रद्दीत दिल्या नसतील तर सोबत आणा.

दुसरी अडचण नावाची. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. लग्नानंतरच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव गाळून फक्त एक अक्षर. बोर्डाच्या नजरेत या तीन वेगवेगळ्या बायका. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. सुरुवातीलाच एक नाव ठरवा, शक्यतो पासपोर्टवरचं, आणि परीक्षा, बोर्ड, विमा सगळीकडे तेच अक्षरशः तसंच लिहा. विवाह प्रमाणपत्राची आणि गॅझेटमधल्या नावबदलाची प्रत पहिल्याच अर्जाला जोडा.

व्हिसाचंही बघा. एच-४ वर (एच-१बी कामाच्या व्हिसावरच्या व्यक्तीच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल आणि काम करायची परवानगी नसेल, तर विनावेतन 'तास भरणं'सुद्धा अंगाशी येऊ शकतं. ओळखीतल्या कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा.

परीक्षा आणि तास

परीक्षा राज्यागणिक वेगळी नसते. एएसडब्ल्यूबी ही राज्यांच्या बोर्डांची संघटना ती घेते. पदव्युत्तर पातळीला मास्टर्स, स्वतंत्र क्लिनिकल पातळीला क्लिनिकल. एकदा पास झालात की गुण दुसऱ्या राज्यात पाठवता येतात, पुन्हा बसावं लागत नाही. नापास झालात तर ९० दिवस थांबावं लागतं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना काही राज्यं जादा वेळ देतात, पण त्याची परवानगी परीक्षेची तारीख घेण्याआधी मागावी लागते.

इलिनॉयनं २०२२ पासून पदव्युत्तर पातळीच्या लायसन्ससाठी ही परीक्षा काढून टाकली. हा निर्णय मला योग्य वाटतो. पण तुम्ही शिकागोत असाल आणि उद्या दुसऱ्या राज्यात जाण्याची शक्यता असेल, तर परीक्षा देऊन ठेवा. जिथे जाल तिथलं बोर्ड ती मागण्याचीच शक्यता जास्त.

क्लिनिकल पातळीसाठी सुपरव्हिजनखालचे तास लागतात. कॅलिफोर्नियात आणि व्हर्जिनियात ३००० तास. व्हर्जिनियात त्यातले १३८० तास क्लायंटसमोरचे हवेत आणि १०० तास सुपरव्हिजनचे. न्यूयॉर्क मोजतं वेगळ्या पद्धतीनं, तिथे क्लायंटबरोबरचे २००० तास किमान तीन वर्षांत. आकड्यांहून महत्त्वाचं असं की व्हर्जिनियात बोर्डाकडे सुपरव्हिजनची नोंदणी होऊन मंजुरी मिळण्याआधीचे तास धरत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकीचे पाच महिने असेच गेले. नोकरी लागली त्या आनंदात ती कामाला लागली आणि नोंदणीचा फॉर्म कोणी भरायचा हे तिला कुणीच सांगितलं नाही.

तासांचा तक्ता स्वतःकडे ठेवा आणि दर तीन महिन्यांनी सुपरव्हायजरची सही घ्या. सही घेताना त्यांचा लायसन्स क्रमांक आणि राज्य तिथेच लिहून घ्या. पाच वर्षांनी दुसऱ्या राज्यात अर्ज कराल तेव्हा ते निवृत्त झालेले असतील किंवा ती संस्थाच बंद झालेली असेल.

दुसऱ्या राज्यात काम करण्याचे मार्ग

राजमार्ग म्हणजे त्या राज्याचं पूर्ण लायसन्स घेणं. याला एंडोर्समेंट म्हणतात. तुमचं चालू लायसन्स, परीक्षेचे गुण आणि पदवी पाहून नवं राज्य आपलं लायसन्स देतं. त्यासाठी जुन्या बोर्डाकडून पडताळणी थेट नव्या बोर्डाकडे जावी लागते, तुमच्या हातून आलेली प्रत चालत नाही. आजवर जिथे जिथे लायसन्स होतं, अगदी मुदत संपलेलंसुद्धा, त्या प्रत्येक राज्याची पडताळणी मागतात. शिवाय बोटांचे ठसे आणि त्या राज्याच्या खास अटी. कॅलिफोर्नियात कायदा आणि नीतिमत्तेची वेगळी परीक्षा, टेक्सासमध्ये तिथल्या कायद्याची परीक्षा, न्यूयॉर्कमध्ये बालशोषण ओळखून कळवण्याचं प्रशिक्षण. पडताळणीची मागणी सर्वांत आधी पाठवा, कारण वाट पाहणं तिथेच होतं. बाकीचे कागद तोवर जमवता येतात.

दुसरा मार्ग फक्त ऑनलाइन कामाच्या नोंदणीचा. फ्लोरिडात २०१९ पासून राज्याबाहेरच्या व्यावसायिकांना अशी नोंदणी करता येते. लायसन्स चालू हवं, गेल्या पाच वर्षांत शिस्तभंगाची कारवाई नको, व्यावसायिक विमा हवा आणि फ्लोरिडातला नोंदणीकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. या नोंदणीवर फ्लोरिडात ऑफिस थाटता येत नाही किंवा क्लायंटला समोरासमोर भेटता येत नाही. हिवाळा फ्लोरिडात काढणारी वयस्क जोडपी तुमच्याकडे असतील, तर हा मार्ग बघाच.

तिसरा, थोड्या दिवसांची मुभा. माझ्या त्या विद्यार्थिनीसाठी मी हीच वापरली. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियानं राज्याबाहेरच्या स्वतंत्र पातळीच्या व्यावसायिकांना एका कॅलेंडर वर्षात सलग ३० दिवसांपर्यंत काम करायची परवानगी दिली आहे. अट अशी की क्लायंट तुमचा आधीपासूनचा हवा; तिथे गेल्यावर नवा क्लायंट घेता येत नाही. पहिल्या सेशनच्या आधी तिथल्या बोर्डाला तुमच्या लायसन्सचा प्रकार, राज्य, क्रमांक, तारखा आणि संपर्क कळवावा लागतो, आणि कॅलिफोर्नियाच्या बोर्डाची माहिती क्लायंटला द्यावी लागते. मी तेवढं केलं आणि चार सेशन्स झाली. सुट्टी मात्र तीन महिन्यांची होती. सलग ३० दिवस म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे; मधले रिकामे दिवस वजा होत नाहीत. उरलेल्या काळासाठी आम्ही तिच्या गावातली एक थेरपिस्ट शोधली आणि मुलीच्या लेखी संमतीनं मी तिची माहिती पुढे दिली. परतल्यावर माझ्याकडेच यायचं, हे आधीच बोलून ठेवलं. सोपं नव्हतं. तिला आपल्याला सोडून दिल्यासारखं वाटलं, आणि त्यावर बोलण्यातच शेवटच्या सेशनचा निम्मा वेळ गेला. हे एप्रिलमध्येच विचारून ठेवलं असतं, तर तो निरोप इतका घाईत झाला नसता.

चौथा मार्ग कॉम्पॅक्टचा, सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेला. समाजकार्य लायसन्सचा आंतरराज्य करार. त्याचा नमुना कायदा २०२३ च्या सुरुवातीला तयार झाला, त्याच वर्षी मिसुरी पहिलं राज्य म्हणून सामील झालं. सात राज्यांनी कायदा केल्यावर करार लागू व्हायचा होता, तो आकडा एप्रिल २०२४ मध्ये गाठला गेला. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन सुरुवातीच्या राज्यांतली. करार लागू झाला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून लायसन्स वाटायला सुरुवात झाली, असा अनेकांचा समज झाला. तसं झालं नाही. करार चालवणाऱ्या आयोगाची पहिली बैठक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, त्यानंतर नियम आणि सर्व राज्यांची सामायिक माहिती यंत्रणा उभारायला वेळ लागला. म्हणून तुमच्या राज्यानं कायदा केला का, आणि तुमचं बोर्ड बहुराज्य लायसन्सचे अर्ज प्रत्यक्ष घेतं आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून राज्याबाहेर काम सुरू करू नका.

पात्रतेच्या अटी साधारण अशा. तुम्ही खरोखर राहता ते राज्य करारात हवं आणि तिथलं लायसन्स चालू, निर्वेध हवं. राष्ट्रीय परीक्षा पास हवी, किंवा तुमच्या राज्यात परीक्षेची अट येण्याआधीचं लायसन्स हवं. ठशांसह एफबीआयची तपासणी होते. क्लिनिकल पातळीसाठी पदव्युत्तर पदवीनंतर ३००० तास किंवा पूर्णवेळ दोन वर्षं सुपरव्हिजनखालचं क्लिनिकल काम. भारतातली पदवी असेल, तर समकक्षतेचं पत्र बहुराज्य लायसन्ससाठी कसं धरलं जाईल हे बोर्डाकडून लेखी घ्या. मूळ राज्यानं ते स्वीकारलं म्हणजे काम झालं असं धरू नका.

बहुराज्य लायसन्स मिळालं तरी क्लायंट जिथे असेल तिथलाच कायदा लागू. एका राज्यात कारवाई झाली तर त्याचा परिणाम बाकीच्या राज्यांतही होतो. करारातल्या दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर ते नवं राज्य तुमचं मूळ राज्य होतं. कराराबाहेरच्या राज्यात गेलात तर बहुराज्य हक्क जातो. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या दोन मोठ्या राज्यांसाठी मी अजूनही स्वतंत्र लायसन्स हाच हिशेब धरते. आणि मानसशास्त्रज्ञांचा करार वेगळा आहे, त्यांच्या यादीत एखादं राज्य दिसलं म्हणून आपल्याला तिथे जागा मिळत नाही.

माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत नोकरी असेल तर कुठल्याही एका राज्याचं लायसन्स पुरतं. लष्करातल्या व्यक्तीच्या जोडीदारालाही २०२३ च्या सुरुवातीपासून केंद्रीय कायद्यानं बदलीच्या राज्यात लायसन्स वापरण्याची सोय आहे.

सेशनच्या दिवशी

प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला विचारा, "आत्ता कुठल्या शहरात, कुठल्या पत्त्यावर आहेस?" उत्तर नोंदीत लिहा. प्रत्येक वेळी, वर्षानुवर्षांच्या क्लायंटलाही. काहींना सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. कारण एकदा नीट सांगितलं की ते स्वतःहून सांगू लागतात.

पत्ता लागतो तो जिवासाठी. ९११ हा नंबर तुम्ही व्हर्जिनियातून फिरवलात तर फोन व्हर्जिनियातच लागतो. क्लायंट ओहायोत असेल तर काही उपयोग नाही. म्हणून क्लायंट जिथून बोलतो तिथल्या आपत्कालीन कक्षाचा दहा आकडी नंबर आधीच नोंदवून ठेवा, आणि जवळच्या एका माणसाचा नंबर क्लायंटच्या संमतीसह.

राज्यागणिक कायदेही बदलतात. क्लायंट कुणाला इजा करण्याची धमकी देत असेल तर काय करायचं, याचं कॅलिफोर्नियातलं उत्तर १९७६ च्या टॅरासॉफ निकालातून आलेलं आहे: संभाव्य बळीला वाचवण्यासाठी पावलं उचलणं ही जबाबदारी. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये अशी सक्ती नाकारली. म्हणजे एकच वाक्य दोन राज्यांतल्या दोन क्लायंटांनी उच्चारलं तर तुमचं पुढचं पाऊल वेगळं असू शकतं. मी काम करते त्या प्रत्येक राज्यासाठी एक पान केलं आहे: धमकीचा नियम, बालशोषण कुठे कळवायचं तो नंबर, अल्पवयीनांच्या संमतीचं वय, नोंदी किती वर्षं ठेवायच्या. ते टेबलाशेजारी चिकटवलेलं असतं.

विमा कंपनीकडून लेखी घ्या की तुमची पॉलिसी त्या राज्यात लागू आहे. क्लायंटच्या विम्याचंही तसंच. लायसन्स असलं तरी तिथल्या मेडिकेडमध्ये (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात) वेगळी नोंदणी लागते.

क्लायंट भारतात गेला, किंवा तुम्ही गेलात

क्लायंट दोन महिन्यांसाठी नाशिकला चालला असेल, तर अमेरिकेतलं लायसन्स तिथे आपोआप पुरत नाही. भारतात सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी लायसन्स नाही, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार समाजकार्यकर्त्याची (सायकियाट्रिक सोशल वर्कर) व्याख्या आहे आणि त्यासाठी एमएसडब्ल्यूवर दोन वर्षांचं एमफिल लागतं. तुमचं राज्य आणि तुमचा विमा, दोघांनाही आधी विचारा. मी सहसा नियमित उपचार थांबवते आणि सुरक्षिततेची योजना करून देते. त्यात भारतातले नंबर असतात: आपत्कालीन ११२ आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. अमेरिकेचा ९८८ हा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनचा नंबर तिथून लागेल असं धरू नका.

तुम्ही स्वतः सुट्टीत पुण्याहून सेशन घ्यायचं म्हणत असाल, तर क्लायंट व्हर्जिनियात आहे म्हणून तिकडचा प्रश्न बराचसा सुटतो, पण मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) देशाबाहेरून दिलेल्या सेवेचे पैसे देत नाही, आणि बऱ्याच संस्था क्लायंटची माहिती परदेशातून उघडू देत नाहीत.

चूक होऊन गेली असेल तर

कळल्यावर पुढचं सेशन घेऊ नका. क्लायंटला फोन करून खरं सांगा आणि तिथे कोणाकडे जाता येईल ते शोधून द्या. अचानक गप्प होऊ नका. नोंदींमध्ये मागे जाऊन काही बदलू नका. आजच्या तारखेनं नवी नोंद करा: कधी कळलं, काय केलं. मग विमा कंपनीच्या कायदेशीर मदत क्रमांकावर फोन करा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय बोर्डाला काहीही लिहून पाठवू नका.